राजाचे नाव घेणारा ढोल

चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर तासन्‌तास बोलणारी मुले आज आपल्या वसतिगृहांत, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर दिसतात. कोणती धून कोणत्या पात्राची, पहिल्या भागात ती कशी आली, तिसऱ्या भागात तिचे रूप कसे पालटले, दूरदर्शन मालिकेत तिचा एकच तुकडा का वाजला, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. प्रस्थापित मराठी समीक्षा या बोलण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे नवल नाही. सवाई गंधर्व महोत्सवात बसून मान डोलावणारा तो 'रसिक' आणि 'स्टार वॉर्स'ची धून तीन सुरांत ओळखणारा तो 'चाहता', ही वर्णव्यवस्था तिने केव्हाच लावून ठेवली आहे. खेद वाटतो तो आपल्याबद्दल. परिवर्तनाची भाषा बोलणारे आपणही 'हा भांडवली बाजारातला माल आहे' एवढे म्हणून मोकळे होतो. माल आहे हे खरेच. पण आपल्या पोरांचे कान ज्या मालाने घडत आहेत तो तपासून पाहणे हे समीक्षेचे काम नाही तर कोणाचे?

चाहत्यांचे ज्ञान पोकळ नाही, हे आधी मान्य करू. जॉन विल्यम्स यांनी १९७७ साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून 'स्टार वॉर्स'चे संगीत वाजवून घेतले, तेव्हा पात्राला, जागेला, अदृश्य शक्तीला स्वतंत्र धून देण्याची वाग्नरच्या संगीत-नाटकातली रीत त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. १९८० च्या दुसऱ्या भागात डार्थ वेडरला लष्करी कूच मिळाली. तेव्हापासून या चित्रपटमालिकांचा प्रेक्षक धुनांची वंशावळ लिहीत आला आहे. त्यातून तो एक मोठी गोष्ट शिकला. पडद्यावर माणूस येण्याआधी त्याची धून येते, आणि याला भ्यायचे की याच्यावर जीव टाकायचा हे ती सांगून जाते. आपण विचार करण्याच्या आत निकाल लागलेला असतो. दूरदर्शनवर १९८८ साली 'महाभारत' सुरू झाले तेव्हा शंख वाजला की रस्ते ओस पडत. धर्म कोणाच्या बाजूला आहे हे कथेच्या आधी तो शंखच सांगून टाकी. पार्श्वसंगीत हे पडद्याआडून दिलेले मत असते. चाहत्याला हे मत ऐकू येते. मत कोणाचे, हा पुढचा प्रश्न मात्र तो सहसा विचारत नाही. तो विचारण्यासाठी मी एकच उदाहरण घेतो, कारण त्याच्या नावाशी आपला संबंध आहे.

२०१८ साली रायन कूगलर यांचा 'ब्लॅक पँथर' आला. मार्व्हल कंपनीच्या महामालिकेतला हा एक चित्रपट. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. पँथर हे चित्रकथेतले पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ च्या उन्हाळ्यात निर्माण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. चित्रकथेतला पँथर हा राजा. ओकलंडचा पँथर हा पोलिसांच्या गाडीमागे कायद्याचे पुस्तक आणि बंदूक घेऊन फिरणारा रस्त्यावरचा तरुण. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती या दुसऱ्या पँथरकडे पाहून. म. ना. वानखडे यांच्यापासून आपल्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली; कवितेचे, आत्मकथनाचे नाते आपण जोडले. संगीताचे नाते जोडायचे राहिले. आपली मुले आता ते चित्रपटगृहातून आपल्या पद्धतीने जोडत आहेत.

या चित्रपटाचे संगीत लुडविग यॉरान्सन या स्वीडिश संगीतकाराचे. कूगलर यांचा तो विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. कामाला लागण्याआधी तो सेनेगलला गेला, तिथले गायक बाबा माल यांच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर हिंडला आणि त्यांच्या वादकांना ऐकले. मग दक्षिण आफ्रिकेत, ह्यू ट्रेसी यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या आफ्रिकी संगीताच्या संग्रहात जाऊन त्याने जुनी वाद्ये आणि ध्वनिमुद्रणे तपासली. त्यानंतर लंडनमध्ये मोठा वाद्यवृंद आणि खोसा भाषेत गाणारा गायकवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केले. टचाला राजाची धून त्याने दिली 'तामा'ला. तामा म्हणजे काखेत धरायचा छोटा ढोल. डमरूसारखा मध्ये निमुळता. काखेने त्याच्या दोऱ्या दाबल्या की कातडे ताणते आणि आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो. म्हणून त्याला 'बोलणारा ढोल' म्हणतात. मासांबा जोप यांनी तो वाजवला आहे आणि त्या ठेक्यातून राजाचे नाव उच्चारले जाते. टचाला, टचाला. मग पितळी वाद्ये उसळतात. चाहत्यांना हे ठाऊक आहे आणि ते अभिमानाने सांगतात. हॉलीवूडच्या एवढ्या मोठ्या चित्रपटात आफ्रिकेचा ढोल आफ्रिकी राजाचे नाव घेतो, याचा त्यांना आनंद होतो. तो आनंद मलाही कळतो. ज्यांचा ढोल इतकी वर्षे चित्रपटांत फक्त 'जंगल' दाखवण्यासाठी वाजला, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण प्रश्न इथेच सुरू होतो. तामा 'आफ्रिकेचा' ढोल आहे असे म्हणणे म्हणजे हलगी 'भारताचे' वाद्य आहे असे म्हणण्यासारखे आहे. भारतात कोणाचे? गावात कोणत्या बाजूला राहणाऱ्यांचे?

सेनेगलच्या वोलोफ समाजात जाती आहेत. अभ्यासक तिथे हाच शब्द वापरतात. 'गेर' म्हणजे वरचे, शेती-सत्ता असणारे. त्यांच्याखाली 'न्येन्यो', म्हणजे हातच्या कसबावर जगणारे. लोहार, चर्मकार आणि 'गेवेल'; या गेवेलांनाच जग ग्रिओ या नावाने ओळखते. ढोल वाजवणे, घराण्यांची वंशावळ सांगणे, राजाची स्तुती गाणे हे गेवेलांचे परंपरेचे काम. तामा त्यांच्या काखेतला. जन्माने काम ठरते, लग्न जातीत होते. आजही गेर घरातली मुलगी ग्रिओच्या घरात द्यायची म्हटले की भांडणे होतात. त्या भागात अशी समजूत होती की ग्रिओचे प्रेत जमिनीत पुरले तर भूमी विटाळते, पाऊस पडत नाही, पीक येत नाही. म्हणून ग्रिओचे प्रेत बाओबाब झाडाच्या पोकळ खोडात ठेवीत. सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला. त्या दशकात ही प्रथा थांबवण्यात आली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. ज्याच्या ढोलाशिवाय राजाला राजेपण नाही, त्याला मेल्यावर हातभर जमीन नाही.

याला आपल्या जातिव्यवस्थेबरोबर बरोबरीचे चिन्ह लावण्याची घाई कोणी करू नये. तिथे मनुस्मृती नाही. ग्रिओची जीभ राजालाही भीत घाली. स्तुतीच्या जागी निंदा केली तर इभ्रत जाई, म्हणून त्याला देणग्या मिळत. अस्पृश्यतेची आपली सर्वंकष यंत्रणा वेगळी. पण कसब, जन्म आणि विटाळ यांची गाठ दोन्हीकडे आहे, आणि ती गाठ ढोलाच्या कातड्याशीच बसली आहे, हे आंबेडकरी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बाबा माल यांचीच गोष्ट पाहा. ते ग्रिओ नव्हेत. त्यांचे घर फुलानी कोळ्यांचे. त्यांनी मासेमारी करावी अशी अपेक्षा होती. गाणे हे त्या घराच्या मुलाचे काम नव्हे. ते संगीताकडे वळले ते मन्सूर सेक या ग्रिओ मित्राच्या सोबतीने. सेक पुढे दृष्टिहीन झाले, तरी जन्मभर माल यांच्या बरोबर गायले, वाजवले. २०२४ साली ते वारले. माल यांनी हे ऋण लपवले नाही. तरीही जगाला माहीत झालेले नाव कोणाचे आणि त्या नावाच्या मागे उभा राहिलेला गळा कोणाचा, हे ध्यानात घ्यावे. यॉरान्सन सेनेगलला गेला तो 'आफ्रिकेकडे' गेला, एवढेच चाहते सांगतात. तिथे एक गावकूस होते, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही. चित्रपटातही येत नाही. वकांडात पाच टोळ्या आहेत, अद्‌भुत धातू आहे, हवेत उडणारी याने आहेत. ढोल वाजवणारे तिथे राहतात कुठे, त्यांची मुलगी राजघराण्यात देता येते काय, हे कोणी दाखवत नाही. नुसता ढोल ऐकू येतो.

या संगीतातला सगळ्यात खरा भाग राजाचा नाही; तो किलमाँगरचा आहे. किलमाँगर ओकलंडमध्ये वाढलेला, बाप मारला गेलेला, वकांडाने टाकून दिलेला राजघराण्याचा मुलगा. त्याला यॉरान्सनने फुला लोकांची बासरी दिली. अमाडू बा या वादकाला पात्राचा स्वभाव सांगितल्यावर त्याने बासरीत फुंकता फुंकता नाव ओरडायला, पुटपुटायला सुरुवात केली, अशी हकीकत संगीतकारानेच सांगितली आहे. ऐकताना श्वास आणि सूर वेगळे करता येत नाहीत. आणि त्या बासरीच्या खालून एकदम यंत्राचा जड ठोका येतो. हा ठोका '८०८' नावाच्या जपानी यंत्राच्या आवाजाचा. ते यंत्र १९८० ते १९८३ एवढीच वर्षे निघाले. खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून बाजारात पडले, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले, आणि काळ्या वस्त्यांतल्या तरुणांनी ते उचलून त्यातून स्वतःचे संगीत घडवले. दुसऱ्यांनी टाकलेल्यातून आपले जग उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. किलमाँगरच्या धुनेत आफ्रिकेची बासरी आणि अमेरिकेतला तो ठोका एकमेकांत विरघळत नाहीत, एकमेकांवर आपटतात. मधल्या गुलामीच्या समुद्राला शब्द न वापरता याहून नेमके कसे सांगता आले असते, मला सुचत नाही. पटकथा किलमाँगरला खलनायक ठरवते आणि मारते. संगीत मात्र त्याला खलनायकाची धून देत नाही. कथेचे मत आणि संगीताचे मत इथे फुटले आहे. चाहत्यांपैकी कित्येकांना राजापेक्षा हीच धून अधिक आवडते, हे मला आशादायक वाटते.

२०१९ साली या संगीताला ऑस्कर मिळाले. त्याच रात्री वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना मिळाले. आपापल्या विभागांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. संगीताचे पारितोषिक मात्र गोऱ्या माणसाच्या हाती गेले. यावर वाद झडतो. गोऱ्याने आफ्रिकेचे संगीत उचलले, असे एक बाजू म्हणते. संगीताला रंग नसतो, असे दुसरी. दुसरे वाक्य आपल्याला फार ओळखीचे आहे. 'कलेला जात नसते' हे वाक्य कोणाच्या तोंडून येते ते आपण पाहत आलो आहोत. पण पहिली बाजूही प्रश्नाच्या अर्ध्यावर थांबते. यॉरान्सन जोप आणि बा यांची नावे जागोजाग घेतो. चित्रपट दाखवत त्याचे संगीत प्रत्यक्ष वाजवण्याच्या मैफली पुढे निरनिराळ्या वाद्यवृंदांनी केल्या, तेव्हा जोप मंचावर पुढे बसून तामा वाजवत होते. हा फरक किती मोठा, हे सॉलोमन लिंडा यांची आठवण काढल्याशिवाय कळणार नाही. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये या झुलू गायकाने 'म्बुबे' हे गाणे मुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले. ते गाणे अमेरिकेत नावे बदलत फिरले, १९६१ मध्ये सिंहाचे गाणे म्हणून प्रचंड गाजले, आणि १९९४ साली 'द लायन किंग'मध्ये आले. मार्व्हल आज ज्या डिस्ने कंपनीच्या मालकीची आहे, त्याच कंपनीचा हा चित्रपट. लिंडा १९६२ मध्येच दारिद्र्यात वारले होते. त्यांच्या मुलींना न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे २००६ साली तडजोड झाली. तेव्हा संगीतकाराच्या कातडीचा रंग विचाराच. पण ढोलाच्या कातड्यावर ज्याचा हात पडला त्याचे नाव कोणत्या ओळीत आहे आणि पैसा कोणाकडे गेला, हेही विचारा. लंडनच्या वाद्यवृंदात किती वादक होते हे मोजणाऱ्या चाहत्याला हे शोधणे अवघड नाही. (मिरजेच्या तंबोऱ्यावर लुब्ध होणाऱ्या आपल्या रसिकाला तो तंबोरा घडवणाऱ्या शिकलगाराचे नाव सांगता येत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. आजार एकट्या चाहत्याचा नाही.)

कूगलर आणि यॉरान्सन यांनीच २०२५ साली 'सिनर्स' केला. १९३२ चे मिसिसिपी, ब्लूज गाणारा एक पोरगा, आणि त्याच्या गाण्यासाठी दाराशी आलेला रक्तपिपासू. हा रक्तपिपासू आयर्लंडचा, स्वतः कधीकाळी जिंकला गेलेला. तो समतेची आणि बंधुभावाची भाषा बोलतो. त्याला पैसा नको, पोराचे गाणे हवे, कारण त्या गाण्यातून त्याला त्याची मेलेली माणसे भेटणार आहेत. 'ब्लॅक पँथर'च्या वेळी झालेल्या वादाचे हे उत्तर आहे की कबुली, हे ज्याने त्याने ठरवावे. वादाची धग कलावंतांपर्यंत पोचली, एवढे मला दिसते.

आता आपल्याकडे. हलगी, डफडे, सूर-सनई ही मांग, महार, होलार यांच्या गावकीची वाद्ये. मयत असो, लग्न असो, जत्रा असो, 'वाजवायला' जायचे. काडीकचऱ्याचा जाळ करून कातडे शेकायचे, ताणायचे आणि देवळासमोर उभे राहायचे. आवाज गाभाऱ्यात जाई. वाजवणारा पायरीशी राही. बाबासाहेबांच्या चळवळीने मेलेली ढोरे ओढण्याबरोबर हे वाजवणेही सोडायला शिकवले. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव डफडी खुंटीवरून खाली आली ती परत चढली नाहीत, आणि त्यासाठी बहिष्कार सोसावे लागले. त्या पिढीला हलगीचा आवाज गोड लागत नसे. हा अरसिकपणा नव्हता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या हातातले वाद्य ही चाकरी असते, हे त्यांच्या कानांना कळत होते. दुसरीकडे आंबेडकरी जलशांनी, आणि अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी, तमाशाची हीच ढोलकी आणि तुणतुणे उचलून त्यातून दुसरेच बोल काढले. सोडणे आणि पुन्हा उचलणे या दोन्ही वाटा आपल्या आहेत. त्यांच्यातला वाद मिटलेला नाही, मिटवण्याची घाईही नको.

हा वाद नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांच्या संगीतावर बोलताना उपयोगी पडतो. 'फँड्री'त डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्याचे सारे कुटुंब ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. मराठी चित्रपटात राष्ट्रगीताचा पार्श्वसंगीत म्हणून एवढा बोचरा वापर मी दुसरा पाहिला नाही. २०१६ च्या 'सैराट'बद्दल चाहते सांगतात ते अजय-अतुल यांनी व्हायोलिनांचा ताफा घेऊन लॉस एंजल्समध्ये, सोनीच्या ध्वनिमंचावर केलेल्या मुद्रणाचे. आपल्यातले काही जण यावर नाक मुरडतात. मातीतली गोष्ट, तिला परदेशी वाद्यवृंद कशाला, हलगी हवी होती, असे म्हणतात. मला हे पटत नाही. हवेलीतल्या मुलाने प्रेमात पडावे आणि शंभर व्हायोलिने वाजावीत, ही हिंदी चित्रपटाची जुनी रीत. त्या व्हायोलिनांवर पारध्याच्या परश्याचाही हक्क आहे. दलित-भटक्या नायकाच्या मागे हलगीच वाजली पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे पडद्यावरही त्याला वतन लावून देणे. परश्या विहिरीत उडी घेतो तेव्हा सारा वाद्यवृंद त्याच्या बाजूने उभा राहतो, यात मला बंडच दिसते.

आणि मग ते संगीत काढून घेतले जाते. गाणी सगळी पूर्वार्धात. गाव सुटले की गाणी सुटतात. शेवटी शेजारणीकडून घरी आलेले मूल दोन मृतदेह पाहते, रडत बाहेर जाते, फरशीवर रक्ताची पावले उमटतात, आणि त्याचे रडणेसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे सांगणारी धून इथे नाही. 'झिंगाट' त्यानंतर वरातीवरातींत वाजले. ज्यांच्या घरांत आर्चीच्या भावासारखे भाऊ आहेत त्या वरातींतही वाजले. ती शेवटची शांतता कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर नाही.